डिकॅलची शाई पाण्यात का पसरते?

प्रश्न: एसटीच्या लाल बसचं १:५० मॉडेल केलंय, त्यावर 'सांगली–मिरज' पाटी आणि पिवळी अक्षरं हवीत. घरच्या इंकजेटवर डिकॅल पेपरवर (पाण्यात भिजवून छापील चित्र सरकवून मॉडेलवर चिकटवायचा कागद) छापलं, पण पाण्यात टाकलं की शाई पसरते आणि पिवळं तर लालवर दिसतच नाही, काय करू? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अहो, इंकजेटची शाई पाण्यातच विरघळते, म्हणून छापल्यावर नीट वाळू द्या आणि मग क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन हलके कोट मारा, एकदम जाड मारलात तर शाई तिथंच पसरेल (मी एकदा घाई केली न् अख्खी शीट घालवली). पिवळ्याचं म्हणाल तर ही शाई पारदर्शक असते, आणि साधा प्रिंटर पांढरं छापतच नाही, त्यामुळं लाल रंग खालून खाऊन टाकतो. पांढरा डिकॅल पेपर घ्या, अक्षरांमागं बसचाच लाल छापा आणि कडेला कापा, शेड जुळायला दोन-चार प्रिंट वाया जाणारच. पाटीला तोच पांढरा पेपर. बसवर आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या, खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. लावताना पाणी कोमट घ्या, कागदावरनं डिकॅल सरकायला लागलं की बोटानं नाही, ओल्या ब्रशनं सरकवा.