वाचकांचे प्रश्न : जुनी मोटरबोट घेताना

प्रश्न : कुंडलिकेच्या खाडीत घरच्यांना घेऊन फिरायला आणि हौसेने गरी टाकायला १६ फुटी फायबरची जुनी होडी पाहिली आहे. मागे ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. रंग ताजा आहे आणि आम्ही गेलो तेव्हा इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं. अजून काय पाहावं? (रेवदंडा)

उत्तर : ताजा रंग आणि पहिल्या दोरीला सुरू झालेलं इंजिन, या दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. आधी मागे जा आणि ट्रान्सम पाहा, म्हणजे इंजिन जिला अडकवलेलं असतं ती मागची फळी. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, बदलताही येतं. ट्रान्सम कुजला असेल तर होडीचा मागचा भाग कापून नवा बांधावा लागतो आणि जुन्या होडीच्या किमतीत तो खर्च बसत नाही.

बहुतेक जुन्या फायबरच्या होड्यांमध्ये ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरने मढवलेलं. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, मासे शोधायच्या यंत्राचे स्क्रू, जिथे जिथे भोक आहे तिथलं सीलंट सुकलं की पाणी आत झिरपतं. प्लाय आतून भुसभुशीत होतं, बाहेरचं फायबर मात्र चकचकीत दिसत राहतं.

इंजिन वर उचलून लॉक करा, त्याचं खालचं टोक धरून अंगाचा भार देत वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी लवली, कोपऱ्यात चीर उघडली किंवा बोल्टपाशी पाणी पाझरलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीभर ठोकत जा. सुकी फळी टणक वाजते, ओली भद्द वाजते. शंका उरली तर मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने, तळापासून दोन इंच वर, ४ मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट निघायला हवा. काळा, ओलसर निघाला तर फळी गेली. भोक इपॉक्सीने लगेच बुजवता येतं, त्यामुळे मालक याला अजिबात तयार नसेल तर त्याचाही अर्थ लक्षात घ्या.

तळावर टाचेवर भार देत चाला. पाय दबतो तिथे खालचे आडवे-उभे आधार कुजलेले असू शकतात. तळाखालचा फोम पाणी पितो आणि होडी शंभर किलोनेही जड होते, वरून काहीच कळत नाही. होडी ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्या, रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा आणि बांधणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. हा खर्च किरकोळ आहे, पण सहसा कोणी करत नाही.

आता इंजिन. पोहोचल्याबरोबर सिलिंडर हेडला हात लावा. गरम लागलं तर तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलं आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचे दोन्ही प्लग काढा, इंजिन बंद करायच्या दोरीची क्लिप काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक सिलिंडरला चार-पाच वेळा दोरी ओढा. नुसत्या आकड्यापेक्षा दोघांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग किंवा पिस्टन झिजलेला समजा.

शेवटी घरच्यांइतका भार घेऊन अर्धा तास पाण्यात चालवा. सुरू होताच मागून पाण्याची जोरकस धार यायला हवी. ती लुळी असेल तर पंपाचा रबरी इंपेलर झिजला आहे किंवा मिठाने वाट तुंबली आहे. इंपेलर स्वस्त असतो, पण त्यावाचून तापलेलं इंजिन महाग पडतं. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ओरडतं पण होडी वेग घेत नाही, असं झालं तर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधला रबरी हब घसरतो आहे.

प्रश्न : गिअरबॉक्सच्या खालच्या स्क्रूतून दुधाच्या चहासारखं तेल आलं. विकणारे काका म्हणतात, तेल बदललं की झालं. (दापोली)

उत्तर : तेल बदलून आजचा रंग बदलेल, पाणी शिरायची वाट तशीच राहील. बहुतेकदा पंख्यामागे तंगूस गुंडाळला जातो आणि शाफ्टचं सील कापतो. पंखा काढून तिथे बघा. सील बदलल्यावर मेकॅनिककडून हवेचा दाब भरून तपासून घ्या. तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा, आणि दोन्हींना नवे वॉशर. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडा लेप चालतो, धातूचे तुकडे दिसले तर गिअर खराब झाले आहेत.

प्रश्न : मोटरसायकलचं टू-टी तेल चालेल का? (मालवण)

उत्तर : नाही. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्याची राख पिस्टनवर बसते. टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं, असं लिहिलेलं तेलच घ्या. प्रमाण पुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवू नका. इंजिन गोड्या पाण्याच्या नळीवर चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, आपोआप बंद पडू द्या, मग कार्बोरेटर रिकामा करा. जुन्या रबरी नळ्या मऊ, चिकट लागल्या तर बदला.

प्रश्न : होडीची नोंदणी मासेमारीची आहे. नावावर करून पाहुण्यांना फिरवता येईल का? (श्रीवर्धन)

उत्तर : तशीच नाही. मासेमारीची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, फिरायच्या होडीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे. पैसे घेऊन माणसं नेणार असाल तर नियम आणखी कडक होतात. इसार देण्याआधी नोंदणीपत्रावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावर वाचून बघा, होडीवर बँकेचा बोजा नाही ना विचारा आणि इंजिनाचं मूळ बिल मागा. सगळ्यांना पुरतील इतकी लाइफ जॅकेट सौद्यातच मागून घ्या. घेण्यापूर्वी एकेक अंगावर चढवून त्यांचे पट्टे ओढून पाहा, कारण उन्हाने सडलेली शिवण तशी दिसत नाही.