नववी नापास झाल्यावर शाळेने दाखला हातात दिला. सांगलीत रात्रशाळा बरी की सतरा नंबरचा फॉर्म?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ नववीत नापास झाला, शाळेनं दाखला देऊन "सतरा नंबर भरा" (म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म) म्हणून वाटेला लावलं, आता तो सतरा वर्षांचा आहे आणि दिवसा गॅरेजला जातो. मी यातूनच गेलोय, म्हणून लिहितो.

मला २०१९ला काढलं. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर काही शाळांत नववीलाच चाळण लागते. (फ्लेक्सवर ते लिहीत नाहीत.) आईनं मुकाट सही केली. तिला वाटलं, दाखला म्हणजे पोरगं वरच्या वर्गात गेल्याचा कागद. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या भाड्याच्या खोलीत ट्रंक पाण्याखाली आणि ट्रंकेतला दाखला लगदा. दुय्यम दाखला काढायला ज्या शाळेनं हाकललं तिच्याच दारात पाच हेलपाटे घातले. म्हणून भावाचा मूळ दाखला आजच प्लॅस्टिकमध्ये घाला, मोबाईलवर फोटोही ठेवा.

सतरा नंबर वाईट नाही. खाजगी विद्यार्थी म्हणून ऑनलाइन अर्ज करायचा, दाखला, आधार, फोटो जोडायचा. एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, अंतर्गत गुणांचं काम तिथं द्यायचं. पण शिकवायला कुणी नाही. मी पुस्तकं आणली होती. मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती उचलून घरी आलो की पहिल्या पानावरच डोळा लागायचा. अर्जाची मुदत संपल्याचं महिनाभरानं कळलं. गंमत म्हणजे ती २०२१ची बॅच. कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि मी त्यातसुद्धा नव्हतो!

मग एका हमालकाकांच्या सांगण्यावरून रात्रशाळेत गेलो. परत नववी. पटावर तीसेक नावं, येणारे अकरा-बारा. चहाच्या गाड्यावरचा पोरगा, एक सेंट्रिंगवाला, आणि चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या मावशी, ज्यांची मुलगी त्याच वर्षी दिवसाच्या शाळेत दहावीला होती. मावशी मुलीची वही आणायच्या, आम्ही सगळे तीच उतरवायचो. माझ्या वहीच्या कडांना हळदीचे पिवळे ठसे असायचे. गणिताच्या सरांनी ते बघून विचारलं, अडत दुकानातली हिशोबाची पट्टी आणशील का? दुसऱ्या दिवशी फळ्यावर पट्टी: वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वजा. शेकडेवारी म्हणजे काय ते मला तिथं कळलं, वयाच्या अठराव्या वर्षी. आणि मालकाच्या हिशोबात दोनदा चूकही सापडली. ती सांगावी की नाही, हा वेगळा विषय.

दोन दिवस गेलो नाही की सर यार्डात हजर. ओरडायचे नाहीत, नुसते पोत्यांच्या थप्पीशी उभे राहायचे. सतरा नंबरात हे मिळत नाही. तुमच्या भावाला स्वतःहून पुस्तक उघडायची सवय असेल तर घरून करू द्या. नसेल (माझा अंदाज, नसेल) तर रात्रशाळाच.

मार्च २०२३ला दहावी झालो, गणितात ४१. बारावी रात्रीच्याच कनिष्ठ महाविद्यालयातून, कला शाखा, २०२५ला.

गणितानंच गाडं अडलं असेल तर तिसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथं पाच विषय आपण निवडायचे, गणित घ्यायलाच हवं असं नाही, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि विषय एकेक करून पाच वर्षांत सोडवता येतात. पुढे त्याला आयटीआय किंवा डिप्लोमा करायचा असेल तर मात्र गणित सोडण्याआधी तिथल्या प्रवेशाच्या अटी बघा.

चौकशीला जाल तेव्हा संध्याकाळी सातनंतर जा. रात्रशाळा बहुतेक दुसऱ्या शाळेच्या इमारतीत भरते. मी सकाळी अकराला गेलो होतो, तर शिपाई म्हणाला, "इथं कसली रात्रशाळा?" आणि मी खरंच माघारी आलो होतो.