कलम 3 शेवटपर्यंत वाच

प्रिय सहकारी,

सस्नेह नमस्कार.

संरक्षण अधिकारी, म्हणजे घरगुती छळ झालेल्या स्त्रीची तक्रार अहवालरूपाने न्यायालयापुढे मांडणारी अधिकारी, म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. समोर बसलेल्या बाईच्या अंगावर वळ नसेल तर अहवालात लिहायचे तरी काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 3 मध्ये आहे. मात्र ते कलम शेवटपर्यंत वाचावे लागते.

शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, असे छळाचे चार प्रकार कायद्याने सांगितले आहेत. अपमान, टिंगल, विशेषतः मूल किंवा मुलगा नाही म्हणून मारलेले टोमणे, आणि तिच्या जिवाभावाच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्या भावनिक छळात मोडतात. ‘तुझ्या भावाला बघून घेतो’ हे पुन्हा पुन्हा ऐकवले जात असेल, तर रागाच्या भरातले बोलणे म्हणून ते सोडून देऊ नकोस. हक्काचे पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, राहत्या घराचा वापर अडवणे हा आर्थिक छळ होय. याच कायद्याखालील 2006 च्या नियमांतील नमुना 1, म्हणजे आपण ज्याला डीआयआर (कौटुंबिक घटना अहवाल) म्हणतो, त्यात तर नोकरी करू न देणे, पगार काढून घेणे, घराबाहेर पडू न देणे, विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणे हे सगळे छापलेलेच आहे.

पण रकान्यात खूण केली की काम संपले, असे समजू नकोस. एखादे वर्तन कौटुंबिक हिंसाचार ठरते की नाही हे पाहताना प्रकरणातील एकंदर वस्तुस्थिती व परिस्थिती विचारात घ्यावी, असे कलम 3 चे दुसरे स्पष्टीकरण सांगते, आणि माझ्या मते साऱ्या व्याख्येचा जीव तिथे आहे. बायकोचे एटीएम कार्ड नवऱ्याकडे असणे यात एरवी वावगे काही नाही. कितीतरी सुखाच्या संसारांत ते तसेच असते. परंतु पगार जमा होताच पैसे काढले जात असतील, तिला रोज सकाळी बसभाड्यापुरते पैसे मोजून मिळत असतील, संध्याकाळी तिकीट दाखवून हिशेब द्यावा लागत असेल आणि माहेरचा फोन स्पीकरवर ठेवूनच घ्यावा लागत असेल, तर या सुट्या गोष्टी राहत नाहीत. त्या कधी सुरू झाल्या, नकार दिल्यावर काय झाले, हे तिच्याच शब्दांत, क्रमाने लिही, आणि पासबुकाच्या प्रती जोड. ‘मारतो का?’ या प्रश्नाने सुरुवात केलीस तर ‘नाही’ म्हणून ती गप्प बसेल. पगार कुणाच्या हातात असतो, माहेरी शेवटचे कधी गेलात, असे विचार.

हेच स्पष्टीकरण दुसऱ्या बाजूलाही लागू पडते. घरोघरीच्या कुरबुरींना हिंसाचाराचा मुलामा देऊन अहवाल फुगवलास, तर उलटतपासणीत खरी तक्रारही पडते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 व 86 मधील क्रूरतेशी याची गल्लत करू नकोस. तो फौजदारी गुन्हा पती व त्याच्या नातेवाइकांपुरता असून, हुंड्यासारख्या बेकायदा मागणीसाठीचा छळ सोडला तर तिथे आत्महत्येस प्रवृत्त करण्याइतके किंवा जीव, अवयव, आरोग्य यांना गंभीर धोका पोहोचवणारे वर्तन लागते. 2005 च्या कायद्याचा आधार आई, बहीण, मुलगी आणि विवाहासारख्या नात्यात राहणारी स्त्रीही घेऊ शकते. इंग्लंड व वेल्समध्ये जोडीदाराच्या पैशांवर, ये-जा करण्यावर ठेवलेल्या अशा नियंत्रणासाठी 2015 पासून स्वतंत्र गुन्हा असून 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे तसा गुन्हा नाही, म्हणून तुझ्या अहवालाची जबाबदारी वाढते.

2005 च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जावरील पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत पडावी, असे कलम 12 म्हणते. कामाच्या ओझ्यामुळे ते नेहमी जमत नाही, तेव्हा कलम 23 खालील अंतरिम आदेशाची मागणी वकिलांनी अर्जासोबतच केली आहे ना, हे आधी बघ. संरक्षण आदेश मिळाल्यावर त्याची प्रत पोलीस ठाण्यात पोहोचल्याची खात्री कर, कारण त्याचा भंग हा कलम 31 नुसार गुन्हा असून त्याला 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि त्या खटल्यात पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरही न्यायालय निष्कर्ष काढू शकते.

पहिला अहवाल दाखल करण्यापूर्वी नावे झाकून मसुदा पाठव.

तुझी शुभचिंतक