संत्र्याचं पाणी डिसेंबरात का तोडतात

प्रिय बेटा,

तुझं पत्र वाचलं, मग सावकाश पुन्हा वाचलं. बारावी संपली, प्रवेशाचे फॉर्म समोर आहेत, आणि घरात सगळे म्हणतात, आता एक काहीतरी ठरव. तुला पाखरं बघायला आवडतात, तू दगड गोळा करतेस, आजीच्या तोंडच्या जुन्या गोष्टी वहीत उतरवतेस, रात्री गच्चीवर आकाश बघत बसतेस. म्हणून तुला वाटायला लागलंय की आपलं मन भटकं आहे आणि अशा मनाचं पुढे काही होत नाही.

मला तुझी काळजी वाटत नाही. आवडी चार असल्या तरी प्रश्न एकच धरता येतो. तो नीट धरला आणि मध्येच सोडला नाही, तर तो आपणहून चारही ठिकाणी घेऊन जातो. फॉर्ममध्ये कोणती शाखा भरायची ते तुझ्या आईबाबांशी बोलून ठरव, त्यात मी पडत नाही. प्रश्नाचा पाठलाग कसा करायचा, एवढंच मला तुला सांगायचं आहे.

त्यासाठी लांब जायला नको. या हिवाळ्यात काटोल-नरखेडकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत जा. ऐन डिसेंबरात बागायतदार झाडांचं पाणी तोडतो. हिरव्यागार झाडाला महिना-दीड महिना पाणी नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. याला ताण देणं म्हणतात. जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला की थोड्याच दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं आणि बांधावरून जाताना वास येतो. हा अंबिया बहार. मे महिन्यात ताण देऊन तो मृगाच्या पावसानं तुटू दिला तर मृग बहार, त्याची फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये.

आता विचार, तहानलेलं झाड फुलतं कसं? पाणी मिळत राहिलं की झाड पालवी काढत राहतं. पाणी तुटलं की नवी वाढ थांबते, पण पानांत अन्न तयार होणं लगेच थांबत नाही. ते खर्च व्हायला जागा नसते, म्हणून स्टार्चच्या रूपानं फांद्यांत साठतं, आणि ज्या डोळ्यांतून पालवी फुटली असती त्यांचा कल फुलाकडे वळतो. भूमध्य समुद्राकाठच्या बागांमध्ये हे काम थंडी करते. आपल्याकडची थंडी तेवढी टिकत नाही, म्हणून आपला शेतकरी ते तहानेकडून करून घेतो.

पुस्तकात हा विषय इथे संपेल. बागेत तो इथे सुरू होतो. ताण किती द्यायचा? हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. कमी पडला तर फूल विरळ येतं, जास्त झाला तर फांद्या वाळतात. बागायतदार पान हातात घेऊन, माती चुरडून ठरवतो. तो काय बघतो हे त्याला विचार. त्यानं वडिलांच्या मागे फिरत हे शिकलेलं असतं, आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच शहरात, नागपुरात असली तरी ही नजर कुणी कागदावर पूर्ण उतरवू शकेल असं मला वाटत नाही. संत्रा मुळात इथला नाही, हेही त्याच बागेत कळेल. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी औरंगाबादेकडून रोपं आणवली असं सांगितलं जातं. आणि संत्र्याचा डोळा भरतात तो जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे जमिनीखालचं झाड वेगळं आणि वरचं वेगळं. वरूडकडे गेलीस तर बोअर किती खोल गेलेत तेही विचार. पाण्यावरच उभं राहिलेलं हे पीक आणि तिथलं आटलेलं भूजल, हा प्रश्न तुझ्या पिढीच्या वाट्याला येणारच आहे.

पण आपण मातीपाशी होतो. काळी माती पाणी धरून का ठेवते? तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या म्हणूनच. ही माती काळ्या दगडापासून, बेसाल्टपासून झाली, आणि बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्याची पूर्वेकडची कड आपल्या शहरातून जाते. पश्चिमेला, काटोल रोडकडे काळा बेसाल्ट, आणि पूर्वेला नाइस नावाचा त्याहून कितीतरी जुना खडक. ज्या शहरात एवढा मोठा सांधा पायाखाली आहे तिथे राहून कुणी म्हणालं की इथे बघण्यासारखं काही नाही, तर मला खरंच वाईट वाटतं.

आणि या दगडात गोगलगायी आहेत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे चिखलाचा पातळ थर सापडतो, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, लाकडाचे तुकडे, सगळं दगड झालेलं. याचा अर्थ नीट लावून बघ. लाव्हा सतत वाहत नव्हता. एक प्रवाह थंड झाला, त्यावर पाऊस पडला, तळी साचली, काठाला झाडं उगवली, पाण्यात जीव वाढले. त्यानंतर कधीतरी पुढचा प्रवाह आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं. असा एक थर टाकळीला मिळाला. तेव्हा टाकळी गावाबाहेर होती, आता शहरात आहे.

तो ज्यानं अभ्यासला तो माणूस भूशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आला. ज्याच्या नावाचं कॉलेज तू रोज बघतेस, तोच. धर्मप्रचार आणि शाळा हे त्याचं काम, पण प्रवासात तो दगड फोडून बघायचा. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. पुढे तो शिळावर्तुळांकडे वळला. मोठे धोंडे गोलात मांडलेली ही लोहयुगातली दफनं नागपूरभोवती पुष्कळ आहेत. काटोल रोडवर जुनापाणीलाच सुमारे ३०० आहेत, आणि काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले दिसतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं बघून बोरीकडे परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडून गेला. तेव्हा त्याचं वय ४५. पुढे शंभरेक वर्षांनी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी त्याच टाकळघाटला उत्खनन केलं.

हिस्लॉपच्या मागे राहिलेल्या कागदांत गोंडांच्या गीतांचा मजकूर होता. लिंगोची कथा, म्हणजे गोंड समाजाच्या उत्पत्तीची आणि त्यांच्या गोत्रांची कथा, एका परधानाच्या तोंडून उतरवलेली. परधान हे गोंडांचे परंपरेनं गाणारे, बाना हे तंतुवाद्य वाजवून पिढ्यान्‌पिढ्यांची वंशकथा सांगणारे. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं ते कागद १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपनं हे सगळं मिशनऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, ते वाचताना लक्षात ठेवावं लागतं. तरीही दगड फोडणारा हात गाणं लिहून घ्यायला बसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

बघ, संत्र्याच्या झाडाला पाणी का तोडतात इथून निघालो आणि लिंगोच्या गाण्यापाशी आलो. मध्ये कुठेही विषय बदलला नाही. झाडावरून मातीवर, मातीवरून दगडावर, दगडावरून तो दगड वाचणाऱ्या माणसावर, आणि त्याच्यावरून त्यानं ज्याचं ऐकलं त्या माणसावर. तुझ्या चार आवडी तुला वेगळ्या वाटतात कारण शाळेत त्यांचे तास वेगळे होते.

त्या परधानाबद्दल मला वाटतं ते सांगतो. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज आहे, टेंपलचं नाव इतिहासात आहे, आणि ज्याच्या कंठात ती सगळी कथा होती त्याचं नाव नागपुरात कुणाच्या तोंडी नाही. तुला कुणी काही सांगितलं तर वहीत सगळ्यात आधी त्याचं नाव लिही, मग गाव, मग तारीख, मग त्यानं सांगितलेली गोष्ट. आजीच्या गोष्टींतसुद्धा हे करून बघ. तिनं कुणाकडून ऐकलं, कोणत्या गावात, घरात की शेतात काम करताना. बघशील, त्या विचारण्यातून आणखी गोष्टी बाहेर येतील.

माणसांकडे जायचीही एक रीत असते. हातात काम असताना जाऊ नकोस. बागायतदाराकडे तोडणीच्या गडबडीत जाऊन काय मिळणार? दुपारी तो झाडाखाली टेकतो तेव्हा जा. पहिल्याच भेटीत मोबाईल रेकॉर्डिंगला लावू नकोस, माणूस आखडतो. आपलं कुठलं, कुणाची, हे तो विचारेल, ते मोकळेपणानं सांग. मोठे प्रश्न टाळ. संत्र्याचं भविष्य काय असं विचारलंस तर तो टीव्हीवर ऐकलेलं उत्तर देईल. हेच पान पिवळं का पडलं असं विचार, आणि मग ऐकत राहा. पुस्तकात तुला काही सापडलं तर परत जाऊन त्याला सांग. नुसतं घेऊन येणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी मनापासून सांगत नाही.

मारुती चितमपल्लींबद्दल तू विचारलं होतंस. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं वनखात्यात, विदर्भाच्या जंगलांत काढली आणि निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते आपल्या नागपुरातच राहिले. पाखरांची नावं त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून गोळा केली. आणि जुन्या ग्रंथांत पशुपक्ष्यांबद्दल काय लिहिलंय हे कळावं म्हणून नोकरी सांभाळत संस्कृत शिकले. एका पक्ष्याच्या प्रश्नासाठी आख्खी भाषा शिकायची, ही हौस नव्हे. ही शिस्त आहे, आणि ती तुझ्यात येऊ शकते.

पोटापाण्याचं काय, हे तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून दिसलं. चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास नागपुरात सरकारी लेखा खात्यात अधिकारी होते. पुढे कलकत्त्यात कितीतरी वर्षं त्यांची दिवसाची वेळ कचेरीत आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत जायची. प्राध्यापक व्हायला ती नोकरी त्यांनी १९१७ मध्ये सोडली. नोकरी करत जिज्ञासा टिकते. मात्र तिच्यासाठी रोजचा वेळ राखून ठेवावा लागतो, उरलेल्या वेळात ती जगत नाही. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तू लहानपणी गेली असशील. आता एकटी जा, सावकाश बघ. सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यातही जा. १८६३ मधलं ते संग्रहालय आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत धावत पाहिलेलं असतं.

आता लगेच करण्यासारखं एक काम देतो. २५ मेपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, लागेल, सूर्य रोहिणीत जाईल आणि घरोघरी कूलरवर पाणी ओतणं सुरू होईल. त्याच नऊ दिवसांत, २६ मेच्या आसपास, नागपुरात दुपारी साधारण १२ वाजून १० मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली तेव्हा काठीच्या बुडाशीच जाते. आपलं गाव २१ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, म्हणून हे घडतं. दिल्लीत ते कधीच घडत नाही.

तुझी मावसबहीण दिल्लीला आहे ना? त्याच दिवशी तिला सांग, एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करून १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपासची सर्वांत लहान सावली मोजायची. ती १३ सेंटिमीटरच्या जवळपास भरेल. त्यावरून कोन काढ, साडेसात अंशांच्या आत-बाहेर येईल. आता नकाशावर नागपूर-दिल्लीचं फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोज. रेल्वेचं अंतर घेऊ नकोस, रूळ वळत जातात. ते सुमारे ८३० किलोमीटर आहे. एवढ्या अंतराला एवढा कोन, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा घेर हातात येईल. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं, आणि त्याचा कोनही सात अंशांच्या थोडा वरच होता.

आणखी एक विचार करून ठेव. जुलैच्या मध्यालाही सूर्य पुन्हा नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, पण तेव्हा नवतप्यासारखी होरपळ नसते. का नसते? मला उत्तर पाठवू नकोस, आधी आजीला विचार ती काय म्हणते, आणि तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहून पाठव.

काठी गच्चीवर लावशील तर फरशी उताराची आहे का ते आधी बघ, नाहीतर माप चुकेल. डोक्याला दुपट्टा बांध, आणि पाणी पिऊनच वर जा. दिल्लीचा आकडा आला की फोन कर.

तुझे
काका
धरमपेठ, नागपूर