वय ७८, डायलिसिस सुरू करायचं का?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. मधुमेह आणि हृदयविकार आहे, ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा) ९ वर आलाय. डॉक्टर डायलिसिसचं बोलतात. त्याने आयुष्य किती वाढेल?

उत्तर : नुसत्या वयावरून हे सांगता येत नाही. वडील स्वतः चालतात का, जेवण कसं आहे, स्मरणशक्ती आणि हृदयाची ताकद किती, यावर जास्त अवलंबून असतं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या रुग्णांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. डायलिसिस सुरू झाल्यावर वर्षभरात १०० पैकी ५८ जण दगावले आणि फक्त १३ जणांची हिंडण्याफिरण्याची, स्वतःचं करण्याची क्षमता आधीइतकी टिकली. ती माणसं आधीच परावलंबी होती, त्यामुळे हे आकडे तुमच्या वडिलांना जसेच्या तसे लावू नका. पण पंच्याहत्तरीनंतर हृदयविकारासह अनेक आजार असतील तर डायलिसिसने मिळणारं जास्तीचं आयुष्य बरंच घटतं, हे खरं आहे. शिवाय आठवड्यातून तीनदा चार-चार तास, वर येणं-जाणं आणि नंतरचा थकवा.

केवळ ९ या आकड्यावरून घाई करू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लवकर आणि उशिरा डायलिसिस सुरू करणाऱ्यांच्या जगण्यात फरक आढळला नाही. सततची मळमळ, औषधांनी न उतरणारी सूज किंवा धाप, आटोक्यात न येणारं पोटॅशियम, ही सुरुवात करण्याची खरी कारणं.

तयारी मात्र आत्ताच करा. हातातला फिश्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) वापरण्याजोगा व्हायला साधारण दोन महिने किंवा जास्तही लागतात. तो नसेल तर ऐनवेळी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो आणि त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो. डायलिसिसचे पहिले तीन महिने तसेही सर्वांत धोक्याचे. ज्या हाताचा फिश्चुला ठरेल, त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाइनही नको.

डायलिसिसमध्ये अंगात साठलेलं पाणीही काढतात. ६० किलोच्या माणसाचं ३ लिटर पाणी चार तासांत काढलं तर ताशी किलोमागे १२.५ मिली होतं. वृद्ध हृदयाला हे फार होऊ शकतं, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतं, ते रोज पाहा.

डायलिसिस तीन महिने करून बघू, असंही ठरवता येतं, फक्त कशावरून थांबायचं ते आधी बोलून घ्या. लघवी जवळजवळ बंद झाल्यावर डायलिसिस थांबवलं तर बहुधा एक-दोन आठवडेच हाती राहतात. डायलिसिस नको असेल तरी धाप, खाज, रक्तक्षय यांवर उपचार चालूच राहतात. वडिलांचं मन काय म्हणतं, ते डॉक्टरांसमोर त्यांच्याच तोंडून येऊ द्या.