बेसमेंटच्या भिंतीला भेगा आहेत, घर घ्यावं की सोडावं?

प्रश्न: शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात एक घर पसंत पडलंय. मूळ घर १९६६ चं, काँक्रीटच्या ब्लॉकच्या पायाचं. मागची खोली १९९० नंतर वाढवलेली, तिचा पाया ओतीव काँक्रीटचा. वाढीव भागात बेसमेंटच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक बारीक तिरकी भेग खाली उतरली आहे. जुन्या भागात मागच्या भिंतीवर एक लांब आडवी भेग आहे. विकणारा म्हणतो, 'इकडे सगळ्याच घरांना असतात.' एका फाउंडेशन कंपनीने फुकट तपासणी करून १८ हजार डॉलरचा आकडा दिलाय. काय करावं?

उत्तर:

घर लगेच सोडू नका, आणि त्या १८ हजारांच्या कागदावर सहीही करू नका. तुमच्या दोन भेगांचा एकमेकींशी काही संबंध नाही. खिडकीजवळची बहुधा निरुपद्रवी आहे. आडवी मात्र मला खटकते, आणि घराचा निर्णय तिच्यावर ठरायला हवा. मी इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर घेण्याआधी बेसमेंट बघून जा म्हणून बोलावणी येतात, त्यामुळे अशा भिंती बघणं नेहमीचंच. तुमची भिंत न बघता जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आधी ही भिंत काय काम करते ते लक्षात घ्या. इकडे बेसमेंट हौसेने खणत नाहीत. थंडीत जमीन गोठते, आतलं पाणी फुगतं आणि वरचं बांधकाम उचललं जातं, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिकागोच्या भागात ही खोली ४२ इंच धरतात. एवढं खणलंच आहे तर आणखी चारेक फूट खणून एक मजला पदरात पाडून घ्यायचा, असा तो हिशेब. पण त्यामुळे भिंतीचं कामच बदलतं. आपल्याकडे घराची भिंत म्हणजे वरचं ओझं खाली नेणारी. ही भिंत तेही करते, शिवाय बाहेरच्या सहा-सात फूट मातीचा आडवा रेटा चोवीस तास अडवून धरते. तिला खाली तळाच्या काँक्रीटचा आणि वर पहिल्या मजल्याच्या लाकडी तुळयांचा टेकू असतो. दोन्ही टोकांना टेकवलेली फळी जशी मध्ये वाकते, तशी ही भिंत मधल्या उंचीला आत वाकू पाहते. आडवी भेग तिथेच पडते आणि ती उभ्या भेगेपेक्षा गंभीर का, त्याचं उत्तरही यातच आहे. उभी भेग पडली तरी तिच्या दोन्ही बाजूंची भिंत माती अडवत राहते. आडव्या भेगेत अडवण्याची ताकदच तुटलेली असते.

आता खिडकीजवळची भेग. ओतलेलं काँक्रीट सुकताना आकसतं, साधारण १० फुटांना एक षोडशांश इंच. खालचं फूटिंग, म्हणजे भिंत ज्यावर उभी असते तो काँक्रीटचा रुंद पट्टा, भिंतीला मोकळेपणी आकसू देत नाही, मग ती जिथे कमजोर असेल तिथे फाटते. खिडकीचा कोपरा ही त्यासाठी अगदी ठरलेली जागा. अशा भेगा बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांतच पडून जातात, म्हणजे तुमची भेग तीसेक वर्षं तशीच असण्याची शक्यता मोठी आहे.

तपासायला खिशातल्या वस्तू पुरतात. क्रेडिट कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. ते आत जात नसेल तर भेग केसासारखी आहे, ओल नसेल तर विसरून जा. पाव डॉलरचं नाणं पावणेदोन मिलिमीटर जाड असतं. तेही सहज आत जात असेल, तर भेगेची वरची आणि खालची रुंदी वेगवेगळी मोजा. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीचा एक कोपरा खचत असल्याचा संशय येतो. मग भेगेवरून आडवं बोट फिरवा. एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आली असेल तर बोटाला पायरी लागते. तशी पायरी लागली तर मामला आकसण्याचा नाही. वरच्या मजल्यावर त्याच कोपऱ्यातली दारं अडकतात का, चौकटींच्या कोपऱ्यातून ड्रायवॉल (आतल्या भिंतींवरचे जिप्समचे तक्ते) तडकलंय का, हेही बघून घ्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक जागा बघायला हवी, जी तुम्ही लिहिलेली नाही: जुना आणि नवा पाया जिथे जुळतो तो सांधा. वाढीव भाग नव्याने खणलेल्या जमिनीवर बसतो आणि आपापल्या गतीने खचतो. तिथे उभी फट असणं नवलाचं नाही, पण वरच्या मजल्याची फरशी त्या रेषेवर उतरती झाली असेल तर इंजिनिअरला आधी तिथेच न्या.

आकसण्याची भेग गळत असेल तर दुरुस्ती सोपी आहे. भेगेवर साधारण दर ८ ते १२ इंचांवर छोट्या नळ्या चिकटवतात, मधली भेग वरून लेपाने बंद करतात आणि सगळ्यात खालच्या नळीतून रसायन आत दाबतात. वरच्या नळीतून ते डोकावलं की खालची बंद करून वर सरकायचं. रसायनं दोन. इपॉक्सी घट्ट होतं, काँक्रीटपेक्षाही मजबूत, पण त्याला भेग कोरडी आणि स्वच्छ लागते. पॉलियुरेथेन पाणी लागलं की फेसाळून फुगतं, ओल्या भेगेतही भरतं आणि थोडं लवचीक राहतं. नुसती गळती थांबवायची असेल तर मी पॉलियुरेथेनच सांगतो, कारण या भिंती हिवाळ्या-उन्हाळ्यात किंचित हलतातच. अशा एका भेगेला साधारण ५०० ते १००० डॉलर पडतात. दुकानात मिळणारं हायड्रॉलिक सिमेंट आतून थापलं तर ते फक्त तोंड बुजवतं. भेगेत पाणी तसंच उभं राहतं आणि थोड्या दिवसांनी कडेने वाट काढतं. 'वॉटरप्रूफ' रंगाचंही तेच. बाहेरून पाणी ढकलत असताना आतून लावलेल्या रंगाचे पोपडे निघणार.

आता मुख्य गोष्ट. साठच्या दशकातल्या ब्लॉकच्या भिंती बहुतेक पोकळ असतात, आत सळया नसतात. दाबाला मजबूत, वाकण्याला दुबळ्या. शिकागोकडची माती म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती. आपल्या काळ्या मातीएवढी ती फुगत नाही, पण पाणी धरून बसते आणि सोडत नाही. भिंतीमागे ५ फूट पाणी उभं राहिलं तर तळाशी नुसत्या पाण्याचाच दाब दर चौरस फुटाला ३०० पौंडांवर जातो, मातीचा रेटा वेगळा. त्यात वरचा थर गोठला की तोही आत ढकलतो. म्हणून आडवी भेग कधी मध्यावर, कधी त्याच्या बरीच वर सापडते.

भेगेची रुंदी इथे फारसं सांगत नाही. भिंत किती आत आली आहे ते मोजायचं, आणि त्याला गवंड्याचा ओळंबाच लागतो. भेगेच्या मध्यासमोर वरच्या तुळईपासून ओळंबा सोडा आणि दोरी व भिंत यांतलं अंतर वरपासून खालपर्यंत दर फुटाला मोजा. वर आणि खाली ३ इंच आणि मध्ये सव्वादोन आलं, तर भिंतीला पाऊण इंच पोट, म्हणजे आतला फुगवटा, आलं. भिंतीच्या तीन-चार जागी असंच करा. सगळ्यात खालचा थर फरशीजवळ आत सरकलाय का तेही बघा, कारण काही भिंती पोट न काढता तळाशी घसरतात. मग भेगेची कड निरखा. जुना रंग भेगेच्या आतपर्यंत गेलेला आणि धुळीने भरलेला असेल तर ती रंगाच्या आधीची आहे, आणि नंतर फार हललेली नाही. रंग तुटून कडा ताज्या दिसत असतील, किंवा फक्त त्याच भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल, तर मी सावध होतो. ब्लॉकला लोणा लागलेला असेल, पांढरी पूड धरत असेल, तर पाणी नियमित येतंय एवढं नक्की.

माझे ठोकताळे असे आहेत. पोट अर्ध्या इंचाच्या आत आणि भेग जुनी, तर बाहेरचं पाणी वळवायचं आणि लक्ष ठेवायचं. अर्धा ते २ इंच असेल तर भिंतीला आधार द्यावा लागतो. भिंत घसरलेली नसेल तर त्यासाठी मला कार्बन फायबरच्या उभ्या पट्ट्या आवडतात: इपॉक्सीने चिकटवायच्या, साधारण ४ फुटांवर एक, आणि वरचं टोक लाकडी चौकटीला नीट अडकवायचं. त्या भिंतीला मागे ढकलत नाहीत, आणखी वाकू देत नाहीत एवढंच. तळ घसरलेला असेल तर पट्ट्या कामाच्या नाहीत, तिथे तळाच्या काँक्रीटमध्ये रोवलेले लोखंडी गर्डर लागतात. बाहेर अंगणात पोलादी पाटा पुरून भिंतीला दांड्याने मागे खेचण्याचीही पद्धत आहे, पण त्याला मागे मोकळी जागा हवी, आणि ती जागा तुमच्याच हद्दीतली हवी. २ इंचांच्या पुढे गेलं की बाहेरची माती काढून भिंत सरळ करणं किंवा नव्याने बांधणं आलं. तशी परिस्थिती असेल तर किंमत बरीच उतरल्याशिवाय मी ते घर घ्यायला सांगणार नाही.

यातलं काहीही केलं तरी बाहेरचं पाणी तसंच ठेवलं तर पैसे वाया. १००० चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी खाली येतं. पन्हळीचा पाइप ते भिंतीच्या बुडाशीच ओतत असेल तर भिंतीवरचा रेटा आपणच वाढवतोय. पाइप सहा ते दहा फूट लांब न्या. जमिनीला घरापासून पहिल्या १० फुटांत ६ इंचांचा उतार हवा, इकडच्या बांधकाम नियमातही तेच आहे. जुन्या घरांत भिंतीलगतची भरावाची माती दबून उतार उलटा, घराकडे झालेला असतो. हे सगळं काही शे डॉलरांत होतं आणि ते विकण्यात कुणाला रस नसतो, म्हणून कोटेशनमध्ये दिसत नाही.

त्या १८ हजारांत नेमकं काय आहे ते वाचा. आतून फरशी फोडून कडेने निचऱ्याची नळी आणि सम्प पंप (खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) असेल, तर ते आत आलेल्या पाण्याचं व्यवस्थापन झालं. वाकलेली भिंत त्याने एक सूतही सावरत नाही. फुकट तपासणीला येणारा माणूस विक्रीसाठी येतो. तो खोटंच बोलतो असं नाही, पण 'काही करू नका' असं सांगून त्याचं पोट भरत नाही. काही शे डॉलर देऊन स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. इलिनॉयमध्ये स्ट्रक्चरलचा परवाना वेगळा असतो, नावापुढे एस. ई. लिहिलेलं असतं. त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या आणि त्यावरून दोन-तीन ठेकेदारांचे भाव मागवा.

वेळ कमी असेल. इकडच्या करारात तपासणी आणि वकिलाच्या आढाव्यासाठी बहुतेक वेळा ५ कामाचे दिवस मिळतात, तेव्हा इंजिनिअरची वेळ आजच ठरवा. विकणाऱ्याने भरलेला डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे घरातले माहीत असलेले दोष जाहीर करण्याचा कागद, काढा. त्यात पायातल्या भेगा आणि फुगवटे, तसंच बेसमेंटमध्ये वारंवार येणारं पाणी, यांबद्दल थेट विचारलेलं असतं. तिथे 'नाही' लिहून तोंडी 'सगळ्यांनाच असतात' म्हणत असेल तर वकिलाला सांगा. घराच्या विम्यावर भिस्त ठेवू नका, पाया खचणं आणि तडकणं नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेलं असतं.

हे उत्तर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डकडची आयटीतली मंडळीही वाचतील म्हणून एक जोड. ईशान्य कनेक्टिकटमध्ये, टॉलंडच्या आसपास, १९८३ नंतर बांधलेल्या बऱ्याच घरांच्या काँक्रीटमध्ये पायरोटाइट नावाचं लोहखनिज आलेलं आहे. हवा-पाणी लागून ते फुगतं आणि दहा-वीस वर्षांनी भिंत जाळ्यासारखी तडकते. त्याला इंजेक्शन, पट्ट्या काही चालत नाही. घर उचलून पाया बदलावा लागतो, खर्च दीड-दोन लाख डॉलरच्या घरात. २०१९ पासून राज्याने उभी केलेली एक कंपनी त्यासाठी भरपाई देते. तिकडे घर घेताना काँक्रीटचा नमुना काढून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरचं बाकीचं सगळं तिथे गौण आहे.

तुम्ही घर घेतलंतच तर एक विनंती. आपली मंडळी किल्ली हातात पडली की आधी बेसमेंट फिनिश करायला काढतात: होम थिएटर, गणपतीची आरास, पन्नास माणसांची पंगत. एक पूर्ण वर्ष ती मागची भिंत उघडी ठेवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, ओळंब्याची मापं त्याच जागी घ्या, एकदा बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टअखेर. तोवर पंगत वरच्या मजल्यावर बसू दे.