दिवाळी अंक आपण घरात का ठेवत नाही

मनू,

परवा तू विचारलंस की आजोबांनी सांगलीहून एवढ्या लांब, इथे नेदरलँड्सला, तेही चकलीचा डबा कमी करून बॅगेत बसवलेले दिवाळी अंक आपण आठ-दहा दिवसांत दुसऱ्यांच्या घरी का देऊन टाकतो, आणि कव्हरच्या आत ती नावांची चिठ्ठी का स्टेपल केलीये. मी तेव्हा कणीक मळत होते, "असंच असतं गं" म्हणून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून आता सावकाश लिहितेय आणि मराठीतच लिहितेय, कुठे अडलं तर बाबाला विचार.

आधी हे अंक आले कुठून ते सांगते. इंग्लंडमध्ये ख्रिसमसला मासिकांचे खास जाडजूड अंक निघायचे, आणि मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र नावाचे एक संपादक होते, 'मनोरंजन' मासिक चालवायचे, त्यांनी १९०९ साली दिवाळीला तसा खास अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक तो मानतात. तेव्हापासून फराळाच्या ताटाबरोबर अंक हे जे सुरू झालं ते आजही चालूच आहे, दरवर्षी शेकडो निघतात, कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, शेवटी वर्षाचं राशिभविष्य. तुला त्या 'आवाज'मधल्या खिडक्या आवडल्या होत्या ना, पान कापून केलेली खिडकी उघडली की आतलं चित्र वेगळंच निघतं? ती मधुकर पाटकरांची कल्पना, त्यांनी १९५१ मध्ये तो अंक सुरू केला.

पण शेकडो अंक विकत कोण घेणार? आमच्या घरी एक यायचा, फार तर दोन. बाकीचे लायब्ररीतून. दिवाळी झाली की लायब्ररीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची आणि मग एक वाचून झाला की बदलून दुसरा, असं पार उन्हाळ्यापर्यंत. तुझी आजी शनिवारी संध्याकाळी भाजीच्या पिशवीतच अंक घालून जायची, मी मागे मागे. तिथे काउंटरपाशी उभ्याउभ्याच बायका एकमेकींना सांगायच्या, हा नेऊ नका अजून, आधी तो न्या, त्यातली शेवटून दुसरी कथा वाचा. अनोळखी बायका हां, नावं पण माहीत नसायची.

एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. मी सातवीत असेन, एका अंकात बसच्या तिकिटामागे पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, "पान ८४ जरूर वाचा. रडू आलं." त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या पेनने, "मलाही." मी पळत जाऊन आजीला दाखवलं. आजीने ती कथा रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून वाचली, मग काही न बोलता माझं पेन मागितलं आणि खाली लिहिलं, "आणि मला." तिकीट परत त्याच पानात ठेवलं. ती तिघं एकमेकांना कधी भेटली नाहीत गं, पण एकाच पानावर तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं हे तिघांनाही कळलं, म्हणजे पहिलीला नाही कळलं कदाचित, पण मला तरी तेव्हापासून वाचन म्हणजे हेच वाटतं. वाचलं, आवडलं, की लगेच कुणाला तरी द्यावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर ती गोष्ट आपल्यापाशीच अडकून राहते.

म्हणून इथे आइंडहोवनमध्ये आम्ही सात घरं मिळून हे करतो. सुट्टीवरून येताना ज्याच्या बॅगेत जागा असेल तो दोन-तीन अंक आणतो, आणि त्या चिठ्ठीवर सात नावं, वाचून झालं की आपल्या नावापुढे टिक करायची आणि आवडलेल्या लेखाचं पान लिहायचं. तू बघितलंस का, बाबाच्या नावापुढे नेहमी व्यंगचित्रांचीच पानं असतात!

तू गेल्या उन्हाळ्यात भिलारला आली होतीस, पाचगणीजवळ, जिथे तू चार वाट्या स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लंस. ते पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, लोकांनी आपल्याच घरांत पुस्तकं ठेवलीयेत, कुणीही यावं, पडवीत बसावं, वाचावं. तू तिथल्या एका आजींना विचारलं होतंस की कुणी पुस्तक नेलं तर? त्या म्हणाल्या, वाचायलाच नेलं असेल ना.

मला तेवढं मोठं मन ठेवणं जमत नाही, खरं सांगते. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' माझं सगळ्यात लाडकं पुस्तक, वर्षातल्या एकेका महिन्यावर लिहिलंय, झाडं, पानं, आभाळ, इतकं बारीक बघून की आपल्याला आपली खिडकी नव्याने दिसायला लागते. माझ्या बाबांनी मला दिलेली प्रत, पहिल्या पानावर त्यांची सही आणि तारीख, मी कॉलेजात एका मैत्रिणीला दिली आणि ती परत आली नाही. अजून वाईट वाटतं. नवीन प्रत घेतली आणि तीही आत्तापर्यंत चौघांकडे जाऊन आलीये, आता तर कडा मऊ झाल्यात.

आता तुझं. 'किशोर'चा दिवाळी अंक आजोबांनी खास तुझ्यासाठी आणलाय, बालभारतीचा, १९७१ पासून निघतो, मी आणि मामा त्याच्यावर भांडायचो. तू बोट ठेवून ठेवून दोन गोष्टी पूर्ण वाचल्यास हे मी दाराआडून ऐकलंय. आणि फास्टर फेणे आवडत असेल तर भा. रा. भागवतांची अजून खूप आहेत, बाबाच्या कपाटात खालच्या खणात, फास्टर फेणे म्हणजे बनेश, तो फुरसुंगीचा, बाबाच्या मामाचं गाव तिथून जवळ, तेही विचार त्याला.

'किशोर'वर मी काल नवीन चिठ्ठी लावलीये. वरती तुझं नाव आहे, खाली पलीकडच्या गल्लीतल्या जुळ्यांची. शनिवारी साडेदहाला त्यांच्याकडे जायचंय, तोवर तुझ्या नावापुढे पान नंबर लिहून ठेव.

आई